उकंडा माळ्याचा बैल

ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिण्याची विद्या तुम्ही कुणापाशी शिकलात, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. चारचौघांत विचारलं की मी वडिलांचं नाव घेतो. वडील पंतोजी होते. त्यांनी मला मोडी शिकवली, बोरू तासायला शिकवलं, पोथी कुठे थांबून आणि कुठे आवाज चढवून वाचावी ते शिकवलं. तेव्हा उत्तर अगदीच खोटं नाही. पण अगदीच खोटं नसलेलं उत्तर कसं द्यावं ही आमच्या धंद्याची पहिली पायरी, आणि ती मी वडिलांपाशी शिकलो नाही. ती मी सोळा-सतरा वर्षांचा असताना एका श्रावणात माझी मीच शिकलो, आणि त्यात भरडला गेला तो तुळशीराम माळी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ती गेली. ज्याच्यापुढे मान खाली घालावी असं घरात आता कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. माझा धीटपणा एवढाच.

आमचं गाव अमरावतीहून अचलपूरकडे जाताना बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर. नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात. उत्तरेला मेळघाटाची निळी रांग दिसे आणि हवा स्वच्छ असली की तिच्या माथ्यावर गाविलगडाचा तट. त्या गडाची लढाई होऊन तेव्हा साठेक वर्षं लोटली असतील. गावातल्या म्हाताऱ्यांना ती ऐकून ठाऊक होती, आम्हा पोरांना तेवढीही नाही. आम्हाला ठाऊक होता तो कापूस. दूर कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच की जो तो ज्वारी मोडून कापूस पेरतो आहे, अमरावतीच्या रस्त्याला गाड्यांची रांग तुटत नाही, आणि घरोघर रेचा करकरतो आहे. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचा दोन रुळांचा लाकडी चरक. एका हाताने फिरवायचा आणि दुसऱ्याने कापूस भरवायचा. पंतोजीची बायको असून आईनेही एक घेतला होता. दुपारभर तिचा रेचा आणि ओसरीवरच्या पोरांचे पाढे असे दोन सूर आमच्या घरात एकत्र वाजत. रुईचे तंतू सगळ्या घरात उडत. वरणात तंतू, देवाच्या गंधात तंतू, वडिलांच्या मिशीत तंतू. भाकर मोडली की पापुद्र्यात एखादा पांढरा केस निघायचाच, आणि वडील म्हणायचे, "खा मुकाट्यानं. विलायतेत याच्यासाठी जीव टाकतात."

वडिलांची शाळा भरे ती बळीराम पाटलांच्या ओसरीवर. आम्ही राहत होतो तो मागचा सोपाही त्यांचाच. पाटील माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या कादंबऱ्यांतले पाटील-देशमुख वाचून लोकांना वेगळं वाटेल. दाराशी आलेल्याला तो जेवल्याशिवाय सोडत नसे, आणि गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजून, तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीशी पंगतीला वाढायला लागला की स्वतः उभा राहून आग्रह करी. कापसाने त्याला एकदम मोठं केलं. अमरावतीहून त्याने बैलांच्या शिंगांसाठी चांदीच्या शेंब्या आणल्या आणि त्या बघायला पंचक्रोशीतली माणसं आली. पण अंगावर अंगरखा नवा आला तरी आतला माणूस जुनाच असतो. पाटलाला राहून राहून वाटे की आपल्या घराण्याचं सांगण्यासारखं काही नाही. कुणी अमरावतीचा पाहुणा आला आणि गडाची गोष्ट निघाली की तो गप्प होई.

गडाची गोष्ट गावात एकाच घराची होती, आणि ते घर तुळशीरामाचं.

तुळशीरामदादाचा मळा नाल्याच्या काठी. सगळ्या गावाने कापूस धरला तरी हा मेथी, वांगी, कांदा, गवार करीत राहिला. लोक त्याला हसत. "सारं गाव कापूस पेरून राह्यलं, अन् तू वांगेच काहून लावून बसला?" असं विचारलं की तो म्हणे, "कापूस शिजवून खाता का?" पन्नाशीचा, काटकुळा, एका कानाने थोडा बहिरा. उन्हाळ्यात त्याची मोट चाले तेव्हा मी तासन् तास त्याच्या विहिरीच्या धावेवर जाऊन बसे. बैल उताराला लागले की चाक किरकिरे, मोट वर आली की पाणी भदाभद थारोळ्यात कोसळे, आणि तुळशीराम नाड्यावर, मोटेच्या दोरावर, बसून मला काही ना काही सांगे. अशाच एका चैत्रातल्या सकाळी मी त्याला विचारलं, की पोळ्याला तुझा बैल पहिला का जातो?

कारण आमच्या गावचा पोळा असा फुटे, की दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असे, त्याच्या एका अंगाला सगळ्या गावच्या सजलेल्या जोड्या उभ्या राहत, झूल, बेगड, घुंगरमाळा, आणि सगळ्यांच्या आधी तोरणाखालून जाई तो तुळशीरामाचा एकटा बैल. जोडी नाही. झूल नाही. पाठीवर फक्त एक रिकामी गोणी टाकलेली. तो पार झाला की मग पाटलाची जोडी आणि मग गाव.

"माह्या आज्याचा मान हाये तो," तुळशीराम म्हणाला. "आजा उकंडा. गडावर भाजी नेये. हप्त्याच्या हप्त्याले बैलावर वांगे-कांदे लादून जाये. येका खेपेले गेला, अन् खाली फौजेनं वेढा देल्ला. आता भाजीवाला लढाईत काय करन? तो म्हने, मले मोट हाकता येते, मी पानी काढतो. गडावरच्या तलावाचं पानी काढून शिपायाइले पाजे. पाजता पाजता गोळा लागला. मेला."

"मग?"

"मंग बैल येकलाच गड उतरून घरी आला. पाठीवर रिकामी गोनी. माह्या आजीनं बैल पाह्यला अन् समजली. गावानं म्हटलं, याले पयले जाऊ द्या."

"बस?" मी म्हणालो.

तो हसला. "बस. आनखी काय पायजे तुले?"

मला आणखी पुष्कळ पाहिजे होतं. तलवार पाहिजे होती, किल्लेदाराची मुलगी पाहिजे होती, निदान मरताना एखादं वाक्य तरी. पाणी पाजताना मेला हे काय मरण झालं? मी घरी जाताना मनातल्या मनात उकंडाला तटावर चढवून पाहिलं, हातात भाला देऊन पाहिला, पण भाजीवाला काही केल्या शोभेना. एक बैल मात्र मनातून जाईना. रिकामी गोणी घेऊन घाट उतरणारा तो बैल मला रोज दिसायचा. आज इतकी पुस्तकं लिहून सांगतो, तसला एक बैल मला पुन्हा सापडला नाही. आणि त्याचं मी काय केलं ते आता सांगायचं आहे.

त्या श्रावणात वडिलांचा घसा बसला. श्रावणभर दुपारी पाटलाच्या ओसरीवर पोथी लागे, आणि ती वाचायला मी बसलो. बाहेर पावसाची झड, निंदणाला खंड पडलेला, ओसरी माणसांनी भरलेली, ओल्या घोंगड्यांचा वास. पहिल्या दिवशी माझा आवाज कापला. चौथ्या दिवशी मला कळलं की मी थांबलो की शंभर माणसं थांबतात. मी आवाज उतरवला की बायका पदर तोंडाला लावतात. जन्मात पहिल्यांदा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ते जे काही असतं ते मला तेव्हा चढलं ते अजून उतरलेलं नाही. पोथी श्रावण संपायच्या आठ दिवस आधीच आटोपली. मला ते सोसवेना. म्हणून मी बखर लिहिली.

कुणी सांगितलं नव्हतं. पाटलाने एका शब्दाने सुचवलं नव्हतं. वडिलांच्या दप्तरात जुन्या कागदांच्या मागे कोऱ्या पाठी होत्या त्या मी काढल्या, हिरड्याच्या पाण्यातून ओढल्या, चुलीच्या धुरावर धरल्या, कडा दुमडून फाडल्या. काजळ पातळ केलं म्हणजे शाई जुनी दिसते हे मी तेव्हा शोधून काढलं आणि स्वतःच्या पाठीवर शाबासकी दिली. कागद जुना दिसावा हा सुरुवातीला नुसता खेळ होता, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खेळ असता तर मी तो आईपासून लपवला नसता.

बखरीत गडावरचा सर्वांत शूर वीर म्हणजे पाटलाचा पणजा. ज्याच्या ओसरीवर बसून वाचायचं त्याचा पणजा शूर असलेला बरा, इतकी अक्कल मला होती. तो तटावर एकटा लढतो, सतरा जखमा होतात, दरवाजा सोडत नाही. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. पण मग अडचण आली. गड पडला हे तर शेंबड्या पोराला ठाऊक. असा वीर दरवाजात उभा असताना गड पडतो कसा? इथे फितूर पाहिजे. फितूर असला म्हणजे हरलेली लढाईसुद्धा शोभते. फितूर कोण? ज्याला चोरवाट ठाऊक आहे तो. ज्याचं गडावर नेहमी जाणं-येणं आहे, ज्याच्याकडे पहारेकरी बघत नाहीत. आणि मला माझा बैल आठवला. एक भाजीवाला शत्रूला मिळतो, चोरवाट दाखवतो, आणि त्याचा बैल पाठीवर रिकामी गोणी घेऊन एकटाच गड उतरतो. तो बैल पाहून लोकांना कळतं की धनी पलीकडे गेला. काय चपखल बसलं! मी बोरू खाली ठेवून हात चोळले. भाजीवाल्याचं नाव मी घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही, असं मला वाटलं. आमच्या धंद्यातली माणसं आजही असंच म्हणतात, आणि आजही त्यांना ते खरंच वाटतं.

"वडिलांच्या दप्तरात जुनी बखर सापडली," असं सांगून मी ती अमावास्येच्या तीन दिवस आधी वाचली. पाटील डोळे पुसत ऐकत होता. सतरा जखमांपाशी तो उठून उभा राहिला. ते ढोंग नव्हतं, कापसाने जे दिलं नव्हतं ते मी त्याला दिलं होतं. तुळशीराम खांबाला टेकून बसला होता, चांगला कान माझ्याकडे करून. तलावाचं वर्णन आलं तेव्हा त्याने मान डोलावली. भाजीवाला आला तेव्हा तो किंचित पुढे सरकला. आणि बैल गड उतरला तेव्हा ओसरीवरची सगळी तोंडं त्याच्याकडे वळली.

तेव्हा मला समजलं. मी वाचणं थांबवू शकत होतो. पण पुढचं पान चांगलं उतरलं होतं.

दोन दिवसांत गावाने त्याची झडती केली. पोळ्याला तोरणाखाली जी यमकं ओरडतात त्यांना आमच्याकडे झडत्या म्हणतात; कुणाची उणीदुणी काढायला तो एक दिवस मोकळा असतो. पोरं आधीच घोकू लागली:

वांगे गेले गडावर, बैल आला घरी,
वाट ज्यानं दावली त्याले मान कोन करी?

वडिलांनी ती ऐकली. घसा बसलेलाच होता. त्यांनी बखर मागितली, उजेडात धरली, नाकाशी नेली. हिरड्याचा वास धुराने जात नाही. मी समोर उभा होतो. आई रेचा थांबवून बघत होती.

"पाटलांना सांगायचं असेल तर आज सांग," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उद्या सांगता येणार नाही."

एवढंच. स्वतः मात्र ते पाटलाकडे गेले नाहीत. शाळा त्याच्या ओसरीवर होती, आणि सोपाही त्याचाच. मुलाला खोटारडा ठरवून त्याच ओसरीवर दुसऱ्या दिवशी पाढे कसे म्हणून घ्यायचे? त्या दिवशी मला त्यांचा राग आला. त्यांनी माझा कान धरून मला नेलं असतं तर मी सुटलो असतो. आता त्यांच्या वयाच्या पुढे गेलो, राग राहिला नाही. आईने मला त्या दिवशी वाढलं, आंबाडीची भाजी आणि भाकर, आणि समोर बसली नाही. ती नेहमी समोर बसायची.

पोळ्याच्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. तोरणाच्या एका बाजूला गाव, पाटलाच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या लखलखत होत्या. तुळशीराम नेहमीप्रमाणे पुढे आला. एकटा बैल, पाठीवर गोणी. कुणीतरी ती झडती ओरडलं आणि गावाने तिला उत्तर दिलं. पाटील पुढे झाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

"तुळशीराम, आजपावतो आमाले मालूम नव्हतं. आता कागद निंघाला. गड बुडवला त्याच्या बैलाच्या मांगं माह्या बैलानं कसं जावं? तूच सांग."

तुळशीराम बैलाची वेसण धरून उभा राहिला. तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्याने मला हाक मारली. "पंतोजीच्या पोरा, इकडं ये. तुनं वाचलं ना? खरा हाये का तो कागद?"

मी पुढे गेलो. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. पोथीच्या वेळी बघे तसंच. वडील मागे कुठे तरी होते. मला फक्त म्हणायचं होतं, मी रचलं. दोन शब्द. लोक हसले असते, पाटील चिडला असता, कदाचित आम्हाला गाव सोडावं लागलं असतं. पंतोजीला काय, दुसऱ्या गावीही पोरं असतात. मला भीती त्याची वाटली नाही. मला वाटलं, मी रचलं म्हटलं तर त्या सतरा जखमा खोट्या होतील, ओसरीवर जी माणसं रडली ती रडली नाहीत असं होईल. हे लिहितानाही मला लाज वाटते की मला उकंडाची नव्हे, माझ्या बखरीची काळजी पडली होती.

"कागद जुना आहे," मी म्हणालो. कोऱ्या पाठी जुन्याच होत्या. पाहा, अगदीच खोटं नाही.

तुळशीरामाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सांगेल. चैत्रात मोटेवर मीच याला सारं सांगितलं, हा माझाच बैल याने चोरला, असं म्हणेल. तो म्हणाला नाही. त्याने बैलाच्या पाठीवरची गोणी काढली, खांद्यावर घेतली, आणि बैल वळवून गर्दीतून घराकडे नेला. पाटलाच्या जोडीने तोरण तोडलं आणि पोळा फुटला.

मला वाटलं तो माझ्यावर रागावला असेल. रागावला असता तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. रागावलेल्या माणसाचं ओझं काही वर्षांनी उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्याच्या पायरीशी येऊन बसला. आई आत होती, रेचा चालू होता. मी बाहेर आलो तसा तो उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो यापूर्वी कधी उठला नव्हता.

"नारानभाऊ," तो म्हणाला, "तुमाले फुरसत हाये का?"

तोवर मी त्याला नारान होतो, आणि तू होतो.

"रातभर इचार करून राह्यलो," तो म्हणाला. "आमाले वाचता येत नाई. घरचे मानसं आपल्या मानसाचं चांगलंच सांगतीन ना? माही आजी काय सांगन, का माहा नवरा फितूर झाला मनून? कागदाले काय, तो कोनाचा सोयरा नाई. तं खरंच असंन." त्याने चांगला कान माझ्याकडे केला. "म्या फक्त येक पुसाले आलो. काहून केलं ते लिवलं हाये का त्याच्यात?"

मी आत दाराकडे पाहिलं.

"मानूस काहूनतरी करते ना, भाऊ. उकंडा काई पैशासाठी करनारा नव्हता. तुमी मांगं वाचलं तवा घाईत सुटलं असंन. येकडाव पाहा ना."

तो माझ्यावर विश्वास ठेवून आला होता. स्वतःच्या आजीपेक्षा, बापापेक्षा, गोणी पाठीवर टाकलेल्या त्या बैलापेक्षा त्याने माझ्या हिरड्याच्या कागदावर विश्वास ठेवला होता. त्या क्षणी मी त्याचे पाय धरले असते तरी चाललं असतं. मी आत गेलो. बखर वडिलांच्या दप्तरावर होती. आई मान वर न करता रेचा फिरवत होती, पण तिचा हात हळू झाला होता. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. मी कागद घेऊन बाहेर आलो, तुळशीरामासमोर बसलो, पान उलटलं, आणि जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथून वाचू लागलो.

मी वाचलं की शत्रूने भाजीवाल्याचं पोर धरलं होतं. बारा वर्षांचं. गडाखाली झाडाला बांधलं होतं, आणि वाट दाखवली नाहीस तर पोराचं डोकं उडवू असं सांगितलं होतं. भाजीवाला तीन दिवस नाही म्हणाला. चौथ्या दिवशी त्याने पोराची हाक ऐकली.

हे मला कुठून सुचलं, मला ठाऊक नाही. एकही अडखळ नव्हती. आवाज कुठे उतरवायचा ते मला बरोबर कळत होतं. आणि वाचता वाचता, समोर तो माणूस बसलेला असताना, माझ्या मनात आलं की हे सतरा जखमांपेक्षा किती तरी चांगलं आहे.

तुळशीरामाचा चेहरा बदलला. "पोर," तो म्हणाला. "उकंड्याले येकच पोर होतं. माहा बाप."

मी मान हलवली.

"बारा वर्साचाच होता तवा." मग तो स्वतःशीच बोलू लागला. "म्हनून. म्हनून माहा बाप गडाचं नाव काढलं का उठून जाये. आमाले वाटे दुःखानं जाते. त्याले ठाऊक होतं म्हना ना. कोनाले सांगितलं नाई बिचाऱ्यानं. जल्मभर पोटात ठेवलं." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. "लेकरासाठी केलं. माह्या बापासाठी केलं, भाऊ. मंग ठीक हाये. मंग मी काय बोलू त्याले?"

बाप मेलेल्या पोराने गडाचं नाव निघाल्यावर उठून जावं, यात समजण्यासारखं दुसरं काय होतं? पण गोष्ट एकदा मनात बसली की पुरावे माणूस आपल्याच घरातून काढून देतो. तेवढ्यावर माझं सारं आयुष्य चाललं. आपल्याला निम्मंच रचावं लागतं. तुळशीरामाने जाताना मला वाकून नमस्कार केला. मी ब्राह्मणाचा पोर, नमस्कार घ्यायची सवय होती, तरी पाय मागे घेतले. आत गेलो तर आई रेचा सोडून उभी होती. ती म्हणाली, "तुला हे कसं जमतं रे?" कौतुक नव्हतं ते. भीती होती.

पुढच्या वर्षी आम्ही ते गाव सोडून अकोल्याला आलो. वडिलांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कापसाचा भर ओसरला, पाटलाच्या शेंब्या कुठे गेल्या ठाऊक नाही, पण पोळ्याला त्याच्याच घरची जोडी पहिली जात राहिली. मी मास्तर झालो आणि कादंबऱ्या लिहू लागलो. पहिल्याच पुस्तकात तो प्रसंग घातला, झाडाला बांधलेलं पोर आणि गडावर ऐकू येणारी त्याची हाक. नावं बदलली. ते वाचून विद्वानसुद्धा रडले असं मला कळवलं गेलं. मनुष्यस्वभावाची मला खोल जाण आहे असं एकाने छापलं, तो कागद बायकोने जपून ठेवला होता.

गेल्या हिवाळ्यात तुळशीरामाचा नातू माझं घर शोधत आला. किसन त्याचं नाव. चाळिशीचा गडी, कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला आला होता. गावच्या मास्तराने माझं पुस्तक चावडीवर वाचून दाखवलं, आणि लिहिणारा आपल्याच गावात वाढला हे कळल्यावर पाया पडायला आला. "आमच्याच घरची गोठ हाये ते, गुरुजी," तो म्हणाला आणि मला ती सांगू लागला. त्याच्या सांगण्यात झाड चिंचेचं होतं. पोराच्या हाताला दोराचे वळ जन्मभर राहिले होते. तुळशीराम मरेपर्यंत दर पोळ्याला, आपला बैल मागे उभा करून, घरातल्या लेकरांना हे सांगत असे.

मी त्याला थांबवलं. चहा निवत होता. मी त्याला सगळं सांगितलं, हिरड्याचं पाणी, धूर, कोऱ्या पाठी, सगळं. उकंडा फितूर नव्हता. तो तलावावर शिपायांना पाणी पाजताना मेला. पोर धरलं नव्हतं, झाड नव्हतं. हे तुझ्या आजोबानेच मला मोटेवर बसून सांगितलं होतं. सांगताना मी रडलो, आणि म्हाताऱ्याच्या रडण्याला मान देऊन तो ऐकत राहिला.

मग त्याने विचारलं, "त्याचा कागद हाये का?"

मी म्हणालो, नाही.

तो समजूतदारपणे हसला. "तुमी लिवनारे मानसं, गुरुजी. तुमाले रोज नवं सुचत असंन. पन लेकरासाठी येवढं केलेल्या मानसाले असं पानी पाजता पाजता काहून मारता? आमच्या उकंड्याले राहू द्या ना त्याच्या जागी."

आणि पाया पडून तो निघून गेला.